ठाणे आणि गाव

‘पोलीस’ हा शब्द आळंदच्या जुन्या पिढीने १९४८च्या सप्टेंबरातील ‘पोलीस कारवाई’त ऐकला, ती वस्तुतः लष्कराची होती. निजामी गेली, १९५६ साली तालुका म्हैसूर राज्यात आला. परंतु रयतेच्या मनातील ठाण्याची धास्ती गेली काय? जपाननेही १८७४ साली टोकियोत फ्रान्सच्या धर्तीवर पोलीसदल उभारले. तोही सरकारी धाकच होता. पुढे वस्तीवस्तीतील ‘कोबान’ चौकीने शिपायास शेजारी बनविले. आपल्याकडे हे काम गावपाटलाचे. वंशपरंपरागत पाटीलकी गेली, हे योग्यच. परंतु सीमेपलीकडे उमरग्यात १९६७च्या कायद्यान्वये नेमलेला पोलीस पाटील गावातच राहतो. आळंदच्या खेड्यांनाही त्यांच्याच भाषेत गाऱ्हाणे ऐकणारा ओळखीचा माणूस हवा, असे आम्हांस वाटते.