केळ्याचे दहा मार्क

‘नाव, गाव, फळ, फूल’ आठवतंय ना? वहीच्या मागच्या पानावर रकाने आखायचे, एकानं मनातल्या मनात मुळाक्षरं म्हणायची, दुसऱ्यानं ‘स्टॉप’ ओरडायचं आणि आलेल्या अक्षरावरून धडाधड लिहीत सुटायचं. शब्द वेगळा आला तर दहा मार्क, कुणाशी जुळला तर पाच. आमच्या सावद्यात ‘क’ आला की फळाच्या रकान्यात सगळ्यांना पाच! गावाबाहेर केळीच्या बागा, स्टेशनवर दिल्लीला निघालेली केळी. दुसरं काही सुचणार कसं?

तिथून शब्दांचं जे वेड लागलं, ते आजतागायत. पेपरातलं शब्दकोडं ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची मक्तेदारी. मी पेन्सिल घेऊन शेजारी. ‘स्त्री’ला एकच चौकोन, हे त्यांनीच शिकवलं. (कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ‘स्त्री’ म्हणजे सहा तुकडे: तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि एक वेलांटी!)

नोकरीसाठी पुण्यात आले आणि खेळ ऑनलाइन गेला. २००७ मध्ये कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांचा ‘स्क्रॅब्युलस’ फेसबुकवर आला. बॉसची पाठ वळली की आम्ही सुरू! २००८ मध्ये स्क्रॅबलच्या हक्कांवरून कोर्टबाजी झाली आणि तो ‘लेक्स्युलस’ झाला. आम्ही तोही खेळलो. मग ‘वर्डल’. जॉश वॉर्डलनं २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला. दिवसाला एकच शब्द, पाच अक्षरं, सहा संधी. ते हिरवे-पिवळे चौकोन मी रोज फॅमिली ग्रुपवर टाकायचे. भावंडं आपापले टाकायची. अण्णा अंगठा दाखवायचे. रोज, न चुकता.

एकदा फोनवर सहज विचारलं, “अण्णा, तुम्ही का नाही खेळत?”

“कसं खेळू बेटा? तुमचे शब्द मला येत नाहीत.”

चुपचाप फोन ठेवला. ज्यांनी खेळायला शिकवलं, त्यांनाच आम्ही प्रेक्षक करून टाकलं होतं!

त्या रविवारी सगळ्या भावंडांना व्हिडिओ कॉलवर गोळा केलं. पुणे, ठाणे, एक जण थेट न्यू जर्सीत. सावद्याहून अण्णा, समोर जुनी वही. खेळ तोच. पहिलंच अक्षर निघालं ‘क’.

आता आम्ही पडलो हुशार. केळं सगळेच लिहिणार, म्हणून मी लिहिलं कवठ. ताईनं करवंद. धाकट्यानं कलिंगड. न्यू जर्सीवाल्यानं अर्थातच किवी.

“अण्णा, तुमचं?”

“केळं.”

एकट्याचंच. पूर्ण दहा मार्क!

“काय लिहू राहिले रे तुम्ही?” अण्णा वहीत मार्क मांडत म्हणाले. “सावद्याची पोरं, अन् एकालाही केळं आठवलं नाही?”

आता दर रविवारी रात्री नऊला आमचा डाव असतो. अंगठे बंद. अण्णा सध्या लीडवर आहेत.