सायकल येवल्याकडे वळवा

शनिवारी-रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शिर्डीत नाशिककडून येणाऱ्या रस्त्यावर उभे राहा. डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेली रंगीत जर्सी, सायकलच्या दांड्याला अडकवलेली पाण्याची बाटली, असे वीस-पंचवीस जण एकामागोमाग येताना दिसतील. पहाटे अंधारात नाशिक सोडायचं, सिन्नर मागे टाकायचं आणि साधारण ९० किलोमीटर पॅडल मारून शिर्डी गाठायची. दर्शन घ्यायचं, फोटो काढायचा, नाश्ता करायचा. काही जण सायकलनेच परत जातात, काही जण सायकल टेम्पोत टाकतात.

आमच्या वस्तीतली पोरं त्यांना हसतात. "घरी चारचाकी आहे आणि सायकल चालवतात, पैसा जास्त झालाय." आम्हीही हसायचो. समाजशास्त्राच्या वर्गात व्हेब्लेनचं फुरसतखोर वर्गावरचं पुस्तक वाचलेलं असल्यामुळे आमचं हसणं जरा जास्तच विद्वत्तेचं असायचं. आज दोन वर्षं आम्ही पाच-सहा जण स्वतः लांब पल्ल्याची सायकल चालवतोय. त्यानंतर हा लेख लिहितोय, कारण त्या हसण्यात आपण काहीतरी सोडून देतोय असं आता वाटतं.

मित्रांनो, आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या. लांब पल्ल्याच्या सायकलिंगला जगभर एक शिस्त आहे. बीआरएम म्हणून ठरलेली अंतरं असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ही शर्यत नसते. पहिला कोण आला याला बक्षीस नाही, वेळेत पोचला तो पोचला. आता हिशेब करा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरसुद्धा नाही. आपल्या बापाची दुधाच्या कॅनवाली सायकल याहून हळू चालत नव्हती! तरीही हा खेळ डॉक्टर, इंजिनिअर, बिल्डर यांचा मानला जातो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. दोघेही डॉक्टर. त्यांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदरच आहे. प्रश्न एवढाच, की पिढ्यान् पिढ्या सायकल ज्यांनी पोटासाठी चालवली, त्यांची पोरं या चित्रात का नाहीत?

आमच्या घरांत सायकल होती ती कामाची. पेपर टाकायला, दूध घालायला, साखर कारखान्यावर पाळीला जायला. शिर्डीत आजही पहाटे चार वाजता लॉजवर चादरी बदलायला, हार-फुलांच्या दुकानावर जायला आपली माणसं सायकलवर निघतात. ती कोणत्या क्लबात नाहीत. आमचे आजोबा सांगायचे, पाटलाच्या वाड्यासमोर आलं की सायकलवरून उतरायचं, हातात धरून चालत जायचं, वाडा मागे पडला की पुन्हा बसायचं. ही आठवण आमच्या एकट्याच्या घरातली नाही, तुमच्याही घरात विचारा. त्या माणसाला सायकल वापरायला मनाई नव्हती. मनाई होती ती ताठ बसून, सगळ्यांच्या देखत, काही काम नसताना रस्त्यावरून जायला. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला अडवल्याच्या बातम्या राजस्थान-गुजरातमधून अजून येतात, त्यामागचं भांडण हेच आहे.

आणि सहल? १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे हट्ट धरला, तुम्ही येत असाल तर आपण सहलीला जाऊ. जवळपास तीस जण होते. नाशिकहून वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. सहलीला जाताना त्यांनी काय ठरवलं? वाटेत आपण कोण आहोत हे उघड करायचं नाही, मुक्कामाच्या ठिकाणीच तेवढं कळवायचं. दौलताबादला पोचेपर्यंत सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दारातल्या हौदावर काही जणांनी तोंड-पाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून गर्दी धावून आली. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानांनाही अस्पृश्यच असतो, हे दाखवायला बाबासाहेबांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. शेवटी किल्ला बघायला परवानगी मिळाली ती बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. परदेशातून सर्वोच्च पदव्या घेऊन आलेला माणूस, गोलमेज परिषदा गाजवून आलेला माणूस, आणि त्याच्या सहलीला हा पहारा. तेव्हा दहा जणांनी मिळून, मौजेसाठी, लांबवर जाणं ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. तिला 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ही हकिकत पुन्हा वाचावी.

सायकल क्लब आणि भेदभाव हा विषय फक्त आपल्याकडचा नाही. १८९४ साली अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या सायकल संघटनेने, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने, घटना बदलून सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरतं केलं. पाचच वर्षांनी, १८९९ ला, मेजर टेलर हा काळा सायकलपटू माँट्रियलला जगज्जेता झाला. ती बंदी कागदावरून रीतसर पुसायला त्या संघटनेला १९९९ साल उजाडलं. त्याच १८९४ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. 'क्लॅरियन' हे त्यांचं साप्ताहिक. रविवारी सायकली काढायच्या, खेड्यापाड्यांत जायचं, अंक आणि पत्रकं वाटायची, सभा घ्यायची, हिरवळीवर बसून डबे खायचे. दोन्हीकडे यंत्र एकच होतं.

आता आमची गोष्ट. एका क्लबच्या ग्रुपमध्ये आम्ही शिरलो. नाव घेत नाही. ती माणसं काही वाईट नव्हती, बऱ्याच गोष्टी त्यांनीच शिकवल्या. सीट किती उंच ठेवायची, चढावर गिअर कधी टाकायचा, पंक्चर पाच मिनिटांत कसं काढायचं, तहान लागायच्या आधी पाणी का प्यायचं. पहिल्याच राईडला चहाच्या टपरीवर प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" मग, "मूळचे कुठले?" मग, "नाही, म्हणजे कुठल्या आळीतले?" ज्याला हे प्रश्न येतात त्याला तिसरा प्रश्न कशासाठी असतो हे सांगावं लागत नाही. आमच्यातल्या एकाने सरळ उत्तर दिलं, "जय भीमवाले." टपरीवर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग कोणीतरी टायरचा विषय काढला.

पुढच्या महिन्यात राईड होती. तीन-चार सायकलींच्या हँडलला भगवे झेंडे होते, त्याबद्दल आम्ही कधी ब्र काढला नाही. आमच्या एका मित्राने अशोकचक्राचा छोटा निळा झेंडा लावला. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, ग्रुपमध्ये राजकारण आणू नये. आम्ही विचारलं, मग भगवा? उत्तर आलं, ती श्रद्धा आहे. झालं. ज्यांची श्रद्धा असते त्यांना राजकारण नसतं आणि ज्यांना राजकारण असतं त्यांची श्रद्धा नसते, हा नियम आम्ही त्या दिवशी शिकलो. दर राईडचा शेवट देवळातच का, हेही एकदा विचारून झालं होतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस बाहेर सायकली सांभाळत उभा राहतो आणि आतले येऊन म्हणतात, अरे, नुसतं हात जोडायला काय जातं!

इथे एक कबुली द्यायला हवी. शिर्डीत देवळाच्या जिवावर आपलीही शेकडो घरं चालतात. हार विकणारे आपले, लॉजवर राबणारे आपले. येणाऱ्या भक्तावर आमचा राग नाही. पण खेळाच्या नावाने जमलेल्या मंडळींत कोणाची श्रद्धा 'सगळ्यांची' ठरते आणि कोणाची खूण 'राजकारण' ठरते, याचं उत्तर मागायचा हक्क आम्हाला आहे. हा प्रश्न शिर्डीत हलका नाही. मे २०१५ मध्ये लग्नाला आलेल्या आपल्या एका तरुणाला, नर्सिंगच्या विद्यार्थ्याला, मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून इथून उचलून नेऊन मारलं गेलं. त्याआधी २०१३ ला सोनई, २०१४ ला खर्डा. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ ला सगळे आरोपी सुटले. रिंगटोन ज्या जिल्ह्यात खुपते, तिथे हँडलवरचा वीतभर झेंडा किती खुपत असेल?

आमच्यातला एक जण अजूनही त्या क्लबात आहे. त्याने २०० किलोमीटरची बीआरएम पूर्ण केली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तो म्हणतो, बाहेर पडून काय मिळवलं, आत राहूनच बदलेल. त्याचं म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तो आत जायच्या हक्कासाठीच होता. पण पाच वर्षं दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात काय सांगितलं? हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्याच परिषदेत मंदिरप्रवेशासाठी शक्ती घालवू नका, तो लढा थांबवा, हेही ठरलं, ते मात्र आपण विसरतो.

नाशिकचे सायकलवाले ९० किलोमीटर चालवून शिर्डीच्या देवळात येतात. शिर्डीहून कोपरगाव, गोदावरीचा पूल, पुढे येवला, हे अंतर साधारण तीस-पस्तीस किलोमीटर. मुक्तिभूमीला जाऊन परत येणं म्हणजे साधारण साठ-सत्तर. गेल्या १३ ऑक्टोबरला आम्ही सात जण निघालो. दोन गिअरच्या सायकली, पाच साध्या. त्यातली एक तर लॉजवर काम करणाऱ्या भावाने सुट्टी काढून आणलेली, मागच्या कॅरिअरसकट. थांबे धरून साडेसात तास लागले. मुक्तिभूमीवर वंदना घेतली, लोकांत बसून भाजी-भाकरी खाल्ली आणि उन्हं उतरायच्या आत परत आलो. वाटेत दोन गावांत पोरांनी विचारलं, कुठले, कशासाठी? या वेळी आम्ही सगळं सांगितलं, आडनावासकट.

आमच्यातलेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, अत्याचार होतायत, आरक्षण संपवलं जातंय आणि तुम्ही सायकली काय फिरवताय? त्यांना मान्यवर कांशीरामांची आठवण करून द्यावी लागते. पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून हा माणूस चळवळीत उतरला. १९८३ साली डीएस-फोरच्या सायकली दिल्लीभोवतीच्या सात राज्यांतून चाळीस दिवस फिरल्या. दोन पाय आणि दोन चाकं, एवढ्या साधनावर गावोगाव सभा झाल्या. पुढच्याच वर्षी १४ एप्रिलला बहुजन समाज पक्ष उभा राहिला. आमची सात जणांची राईड म्हणजे तो मोर्चा नव्हे, एवढं भान आम्हाला आहे. पण गाडीतून गेलं की गाव खिडकीतून दिसतं आणि सायकलवरून गेलं की गावात थांबावं लागतं. पाणी मागावं लागतं. पाणी कोण कसं देतो, यावरून त्या गावाबद्दल जे कळतं ते कुठल्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये कळत नाही. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे वामनदादा कर्डकांचं जन्मगाव. नाशिक-शिर्डी करणारे शेकडो सायकलवाले सिन्नर ओलांडतात, त्यातले किती जण तिकडे वळले असतील? आपल्या पोरांपैकी तरी किती?

धोका आहे, तो लपवत नाही. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे सगळ्यांना माहीत आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. शेजारून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेलाय, गुळगुळीत, पण त्यावर दुचाकीलाही परवानगी नाही, सायकल लांबच. म्हणजे ज्याच्याकडे चारचाकी नाही, त्याने जुन्या रस्त्यावरच मरायचं. हा प्रश्न आम्ही तहसीलला निवेदनात मांडला आहे, रस्त्याकडेच्या पट्टीची मागणी केली आहे. तोवर नियम एकच, अंधारात सायकल चालवायची नाही. मुलींचा प्रश्नही यालाच जोडलेला आहे. आमच्या सातात एकच मुलगी होती, तीही भाऊ बरोबर म्हणून. दिवेलागणीच्या आत घरी, ही अट तिच्या आईने घातली आणि अट बरोबरच होती. दिवसाच्या, कमी अंतराच्या राईड वाढवल्याशिवाय हा आकडा एकाच्या पुढे जाणार नाही. पुढाकार मुलींनी घ्यावा असं नुसतं लिहिणं सोपं असतं, म्हणून महिन्याची एक राईड आम्ही राहाता-शिर्डी परिसरातच, वीस-पंचवीस किलोमीटरची ठेवली आहे.

क्लबकडून एक नियम मात्र आम्ही जसाच्या तसा उचलला. सगळ्यात अनुभवी सायकलवाला सगळ्यात मागे राहतो. कोणाची चेन पडली, कोणाला गोळा आला, कोणाला दम लागला, त्याच्याबरोबर तो थांबतो, आणि तो आल्याशिवाय पुढचे निघत नाहीत. आपल्या संघटनांत पुढे कोण चालणार यावर किती फुटी झाल्या ते वेगळं सांगायला नको. २००९ ला शिर्डी राखीव झाल्यावरच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत काय झालं, तेही आठवत असेल. असो, तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहू.

या १३ ऑक्टोबरलाही जायचं आहे. उजाडायच्या वेळी शिर्डीतून निघू, कोपरगावला पुलाच्या अलीकडे पहिला थांबा. सायकल कोणतीही चालेल, भाड्याची, शेजाऱ्याची, कॅरिअरवाली. आदल्या दिवशी ब्रेक तपासून घ्या, चेनला तेल द्या, मागे लाल रिफ्लेक्टर लावा. दोन बाटल्या पाणी आणि आपल्या सायकलच्या मापाची एक ट्यूब बरोबर असू द्या. पंप आणि पंक्चरचं सामान आमच्याकडे आहे. निळा झेंडा ज्याला लावायचा त्याने लावावा.

जय भीम.