घात वाढवून कोपरा वळत नाही

मे २०२० मध्ये व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागार परिषदेने करोनामृत्यूंच्या आलेखावर एक त्रिघाती वक्र बसवला. तो त्याच महिन्याच्या मध्यावर शून्याला टेकत होता. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या मृतांचा आकडा लाखावर गेला. आकडे नीट दिसावेत म्हणून तो वक्र होता, असं परिषदेचं म्हणणं. असेलही. पण इंजिनिअरिंगच्या पोरांना न्यूमेरिकल मेथड्स शिकवताना मी हा आजार रोज बघतो. ठिपके दिसले की एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन, पॉलिनोमियल, घात सहा. सातवा मिळत नाही म्हणून हळहळणारेही भेटतात.

यात दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा. कोणतंही अखंड फल बंदिस्त अंतरात बहुपदीने हवं तितकं जवळून गाठता येतं, हा वायरश्ट्रासचा १८८५ चा सिद्धांत आम्ही उत्साहाने सांगतो. किती घात लागेल, हे मात्र विचारत नाही.

विजेचं बिल घ्या. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतर दर चढतो, म्हणजे आलेखाला तिथे कोपरा येतो. फूटपट्टीने दोन रेघा ओढल्या की झालं. बहुपदीचा मात्र तिथे घाम निघतो. सर्वांत साधा कोपरा म्हणजे उणे १ ते १ मधलं केवलमूल्य. बर्नस्टाइनने दाखवलं की उत्तमातल्या उत्तम बहुपदीचीही चूक इथे साधारण ०.२८ भागिले घात एवढी उरते. शून्य ते नव्वद अंशांतली साइन पाचव्या घातात ०.०००२ च्या आत बसते. तेवढ्याच अचूकतेसाठी या कोपऱ्याला घात लागतो सुमारे १४००! बहुपदीला बहुपदीने भागायची मुभा दिली, तर शंभराच्या आत काम होतं. हे न्यूमनने १९६४ मध्ये सिद्ध केलं. (पहिल्या भास्कराचार्यांचं ज्येचं, म्हणजे साइनचं, सूत्रही असंच भागाकाराचं आहे.)

कोपरा नसला तरी सुटका नाही. रुंगेने १९०१ मध्ये दाखवलेल्या अडचणीचं नेहमीचं उदाहरण म्हणजे उणे १ ते १ मधलं १ भागिले (१ + २५क्ष²) हे गुळगुळीत फल. समान अंतरावरच्या अकरा बिंदूंतून दहाव्या घाताची बहुपदी नेली, तर एकच्या वर कधीही न जाणाऱ्या या फलासाठी ती कडेला जवळजवळ दोनपर्यंत उसळते. बिंदू चेबिशेव्हच्या रीतीने कडांकडे दाट मांडले की ती ताळ्यावर येते.

आमच्या परीक्षेत बिंदूंतून बहुपदी नेणाऱ्या न्यूटनच्या सूत्रात किमती घालून उत्तर काढायला सांगतात, आठ गुण. त्यातले चार गुण या अकरा बिंदूंना द्या, आणि आलेख हाताने काढायला लावा.