हृदयाच्या सीटी तपासणीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका, सीबीडी बेलापूर

विषय : हृदयाची सीटी अँजिओग्राफी पालिकेच्या रुग्णालयांत बाह्यरुग्णांना ठरलेल्या दरात मिळण्याबाबत

महोदय,

जिना चढताना छातीवर दडपण येते, थांबले की जाते. ही तक्रार घेऊन आमच्या संघटनेचे सभासद डॉक्टरांकडे जातात, तेव्हा ईसीजी बरेचदा निर्दोष निघतो. पुढे दोनच वाटा उरतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी परत, नाहीतर मनगटातून नळी घालून थेट अँजिओग्राफी. या दोहोंच्या मधली तपासणी म्हणजे हृदयाची सीटी. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात, ईसीजीच्या ठेक्यावर चित्रे घेतात आणि हृदयाला रक्त पुरवणारी नळी कुठे अरुंद झाली आहे ते पाहतात. त्यासाठी एरवी दाखल व्हावे लागत नाही.

ही चैनीची तपासणी आता राहिलेली नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये अशा छातीदुखीसाठी तिला पहिला मान दिला. २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतही तिची ठाम शिफारस आहे. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण सीटी झालेल्या गटात २.३ टक्के, तर नेहमीच्या तपासण्यांवर राहिलेल्या गटात ३.९ टक्के आढळले. दोन्ही गटांत स्टेंट आणि बायपास जवळपास सारखेच झाले. फरक पडला तो मुख्यतः गोळ्या योग्य माणसाला वेळेत सुरू झाल्याने, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. आमच्या मागणीचे मूळ इथेच आहे.

आपल्याकडे अँजिओप्लास्टी आणि बायपास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. बाहेरून केलेल्या सीटीचे पैसे खिशातून जातात. म्हणजे स्टेंट सरकारी खर्चाने मिळेल, पण तो लागणारच नाही हे सांगू शकणारी तपासणी स्वतःच्या खर्चाने. एपीएमसी बाजारात पोती वाहणाऱ्या माथाड्याने यातले काय निवडावे?

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी : वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथील पालिका रुग्णालयांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही तपासणी बाह्यरुग्णाला ठरावीक दरात मिळावी. जिथे यंत्र या कामाचे नसेल, तिथे खासगी केंद्राशी दरकरार करावा आणि दर ओपीडीच्या दारावर लावावा. योजनेत बदल करणे पालिकेच्या हातात नाही. तशी शिफारस राज्य शासनाला पाठवणे नक्कीच आहे.

दुसरी मागणी तयारीची. आमच्या एका सभासदाला एका केंद्रात आधी काहीच सांगितले नव्हते. चहा पिऊन, धावतपळत गेले. नाडी ९२, चित्रे धूसर. तपासणी पुन्हा झाली. द्रव्य दुसऱ्यांदा, किरण दुसऱ्यांदा, बिलही दुसऱ्यांदा. नाडी साधारण साठीच्या घरात असावी, गरज पडल्यास त्यासाठी गोळी द्यावी लागते, मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन आधी पाहावे लागते. हे सारे मराठीत एका पानावर छापून अपॉइंटमेंटच्या वेळीच हातात द्यावे. अहवालासोबत चित्रांची सीडीही रुग्णाला मिळावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा त्याचा हक्क आहे.

सरसकट सर्वांची सीटी करा, असे आम्ही म्हणत नाही. पालिकेच्या शिबिरांत लक्षणे नसलेल्यांना रांगेने यंत्राखाली घालू नये. कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमची सीटीवरची मोजणी) शून्य आला म्हणून छातीत दुखणाऱ्या तरुणाला निर्धास्त करू नये. मऊ थर त्यात दिसत नाही. आणि ईसीजीवर झटका स्पष्ट दिसत असेल, तर सीटीच्या रांगेत एक मिनिटही घालवू नये. अशा रुग्णाला तडक कॅथलॅबच हवी.

सध्या कोणत्या रुग्णालयात कोणते यंत्र आहे, हृदयाची सीटी होते का आणि तिचा अहवाल कोण देतो, याची माहिती तीस दिवसांत लेखी मिळावी आणि वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांसोबत बैठकीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद