शिबिर संपल्यावर गोळी कोण देणार?

पनवेल शहरात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, शेजारी कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण तालुक्याच्या टोकाच्या वाडीवर राहणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णासाठी हे अंतरही मोठे असते. सरकारी उपचार हवे असतील तर जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला. एका फेरीत रुग्णाचा आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. काही फेऱ्यांनंतर औषध सुटते आणि आजार उलटतो.

सामाजिक मानसोपचाराची खरी परीक्षा इथे होते. भारतीय मानसोपचार संघटना १९४७ साली स्थापन झाली. सामाजिक मानसोपचारासाठीही १९८४ पासून स्वतंत्र संघटना आहे. परिषदा, शोधनिबंध, जनजागृती सप्ताह आणि शिबिरे ही कामे अशा संघटना करतात आणि ती गरजेचीही आहेत. पण शिबिरात किती जण तपासले, याचाच आकडा अहवालात येत राहिला, तर सहा महिन्यांनी त्यांतले किती जण औषध घेत आहेत, हे कळत नाही. पुढच्या पाच वर्षांची आखणी करताना संघटनांनी हाच दुसरा आकडा मध्यभागी ठेवायला हवा.

बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंताविकार अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याकडच्या नियोजनाला तालुक्यातल्या नोंदींची गरज अधिकच आहे.

यावर तज्ज्ञांचे उत्तर ठरलेले असते : आम्ही आहोतच किती? ते खोटे नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. पण विदर्भात वेगळा अनुभव आला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडे समुपदेशनाची पहिली पायरी सोपवली आणि गरजेपुरते तज्ज्ञ जोडले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. बाकीचे तरीही बाहेरच राहिले, हेही विसरू नये.

यातून संघटनेच्या योजनेत तीन कामे यावीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक सदस्य जोडून द्यावा. त्याने तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि आशाताईंना शिकवावे आणि अडलेल्या रुग्णाबद्दल फोनवर सल्ला द्यावा. दुसरे, मानसिक आजारांची आवश्यक औषधे केंद्रात आहेत की संपली, याची दरमहा नोंद जाहीर करावी. तिसरे, औषध सोडलेल्या रुग्णाच्या घरी कोण जाणार, हे आधीच ठरवावे.

हे सरकारचे काम, असे म्हणून संघटनेने हात झटकू नयेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या १८व्या कलमाने उपचारांचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असेही म्हटले आहे. पण हक्क मागायला पुरावा लागतो. तो गोळा करण्याची ताकद एकेकट्या रुग्णात नसते, संघटनेत असते. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' सेवा आहे. फोनवर धीर आणि सल्ला मिळतो, पण महिन्याची गोळी जवळच्या केंद्रातच मिळायला हवी.

पनवेलहून रेल्वेने जोडलेल्या कर्जतमध्ये 'श्रद्धा' संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचलेल्या माणसाचे औषध त्याच्या गावात बंद पडले, तर तो पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. त्यामुळे संघटनेच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर एकच आकडा छापावा : मागच्या वर्षी भेटलेल्यांपैकी आज किती जण उपचारांत टिकून आहेत.