मागची बाकी

१९३८ साली अमेरिकेत अवतरलेला सुपरमॅन १९९६ मध्ये लोइस लेनशी विवाहबद्ध झाला. पंधरा वर्षे वाचकांनी तो संसार घरच्यासारखा जपला. २०११ मध्ये डीसी कॉमिक्सने ५२ मालिका पहिल्या अंकापासून नव्याने मांडल्या. सुपरमॅनची ओळखीची तांबडी चड्डी गेली. विवाह तर कधी झालाच नव्हता, असे ठरले. तो मोडण्याची कथाही वाचकांच्या वाट्याला आली नाही. चाहते दुखावले ते याचमुळे. २०१८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात चड्डी परतली.

व्यापारी नवी चोपडी उघडतो, तेव्हा मागची बाकी पुढे ओढतो. वाचकाचे प्रेम हीदेखील जमाच आहे. ती विनाकारण खोडली, तर पेढीची पत जाते.