फलक लागला, विद्यापीठ केव्हा येणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकण विभागीय मंडळ राज्यात अग्रभागी असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या या मंडळाने वर्षानुवर्षे आपले पहिले स्थान टिकविले आहे. मंत्री अभिनंदन करतात, गुणवंतांचे सत्कार होतात. हारतुरे सुकण्यापूर्वीच यांतील कितीतरी मुले मुंबईची गाडी धरतात. ज्यांच्या घरची ऐपत नसते त्यांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण तेथेच थांबते. कोकणच्या बुद्धिमत्तेची ही नासाडी कोणत्याही निकालपत्रकात नोंदली जात नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याचे कार्यक्षेत्र आज मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरले आहे. मुंबईहून रत्नागिरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर, सावंतवाडी त्याहूनही दूर. हे अंतर तोडण्यासाठी रत्नागिरीजवळ मिरजोळे येथे विद्यापीठाचा उपपरिसर आहे. परंतु जागा, इमारत आणि फलक एवढ्याने विद्यापीठ होत नाही. नवा अभ्यासक्रम, शिक्षकाची नेमणूक, प्रयोगशाळेची खरेदी आणि परीक्षेतील चुकीची दुरुस्ती हे निर्णय जेथे होतात, तेथे विद्यापीठ असते. हे निर्णय मुंबईतच व्हावयाचे असतील तर उपपरिसर म्हणजे केवळ टपाल पुढे पाठविणारी कचेरी ठरेल. २०१७ साली ऑनलाइन मूल्यमापनाच्या गोंधळामुळे मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. एका ठिकाणी साठविलेल्या सत्तेची किंमत त्या वेळी दूरच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनाही मोजावी लागली.

विकेंद्रीकरण हा समाजवादी विचाराचा प्राण आहे. तो ग्रामपंचायतीपुरता मर्यादित ठेवून ज्ञानाची सत्ता राजधानीत कोंडता येणार नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात उपपरिसराच्या संचालकाची तरतूद आहे. त्या पदाला स्वतःचा अर्थसंकल्प आणि निर्णयाचे अधिकार मिळाले, तरच त्या तरतुदीला अर्थ आहे.

सुविधांचा प्रश्नही याच कसोटीवर पाहिला पाहिजे. २०२४ साली राज्य शासनाने आर्थिक मर्यादेतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मंडणगड किंवा दोडामार्गच्या शेतमजुराच्या मुलीला शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च अधिक जड जातो. तिच्यासाठी उपपरिसरात स्वस्त वसतिगृह, माफक दराची खाणावळ, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे ग्रंथालय आणि तासांच्या वेळेशी जुळणारी एस. टी. हवी. या गोष्टी चैनीच्या नाहीत. गरिबाच्या शिक्षणाचा पायाच त्यांवर उभा असतो.

शिक्षकांचे काय? राज्यभर मंजूर पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविण्याची रीत रूढ झाली आहे. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो शिक्षक संशोधनाची परंपरा कशी उभारणार? १९८३ साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे दार उघडले गेले आणि शिक्षणाचा बाजार झाला. सार्वजनिक विद्यापीठाच्या उपपरिसरानेही केवळ शुल्कावर चालणारे अभ्यासक्रम मांडले, तर सरकारी जागेवर खासगी दुकान उभे राहील. सागरी जीवसृष्टी, जांभ्या दगडाच्या कातळावरील जलसंधारण, आंबा-काजूवरील प्रक्रिया, मालवणी बोली आणि दशावतार हे या भूमीचे विषय आहेत. त्यांच्या अभ्यासाचे केंद्र कोकणातच असावयास हवे.

कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जुनी आहे. तिच्या बाजूने दाखलेही आहेत. मुंबई विद्यापीठाच्याच पणजी येथील पदव्युत्तर केंद्रातून १९८५ साली गोवा विद्यापीठ उभे राहिले. सोलापुरात शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. २००४ साली एका जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ तेथे झाले. दुसरीकडे, मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे नोकरीच्या बाजारातील वजन गमावण्याची भीती अनेक पालकांना वाटते. ती भीती अनाठायी म्हणून झटकून टाकता येणार नाही. मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे हा गुन्हा ठरेल. आज पोकळ राहिलेला उपपरिसर उद्या पोकळ विद्यापीठच होईल. आज तो सक्षम झाला, तर उद्याचा निर्णय कोणताही होवो, विद्यार्थ्याचे हितच होईल.

महर्षी कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. त्या जिद्दीचे गोडवे गाणाऱ्या समाजाने आजच्या मुलांवर तशीच पायपीट लादणे शोभत नाही. ज्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले, तेथील जनतेने रेल्वेसाठी दीर्घकाळ झगडून १९९८ साली ती पूर्ण झालेली पाहिली. तीच रेल्वे आज कोकणचे तारुण्य बाहेर वाहून नेते. कार्यकर्त्यांनी आता तालुक्यातालुक्यांत विद्यार्थी आणि पालकांच्या सभा घ्याव्यात. रिकाम्या पदांचा आणि वसतिगृहातील जागांचा हिशेब उपपरिसराकडून लेखी मागावा आणि तो अधिसभेत व विधिमंडळात मांडावयास लावावा. रेल्वेसाठी जो चिवटपणा दाखविला, तोच आता विद्यापीठासाठी दाखविण्याची वेळ आली आहे.